साठीच्या वरचे

बाबा दवाखान्यातून परत आले त्या दिवशी वस्तीत त्यांना कोणी जयभीम केला नाही.

मी त्यांना यवतमाळहून भाड्याच्या गाडीने आणत होते. पांढरकवड्याचा मोठा रस्ता सोडून गाडी आमच्या गावाकडे वळली तसे ते सीटवर सरळ बसले. शर्टाची वरची गुंडी लावली, हाताने केस मागे सारले. बरेच दिवस ऑक्सिजनवर काढलेला माणूस, गळ्याची कातडी लोंबत होती, तरी गावात शिरताना नीट दिसलं पाहिजे ही एसटीच्या ड्रायव्हरची सवय सुटली नव्हती. विहाराच्या ओट्यावर चारपाच माणसं बसली होती. बाबांनी काच खाली करून हात वर केला. ओट्यावरच्यांनी पाहिलं. एकाने मान खाली घातली, दुसरा मोबाइलमध्ये बघू लागला. बाबांचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग त्यांनी काच लावून घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मांगच्या दारानं घे बापा गाडी."

करोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा होता. मी यवतमाळला एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. कॉलेज बंद होतं, तास मोबाइलवर चालू होते, म्हणून बाबांना घेऊन मी गावीच राहिले. आईला एकटीला ते झेपलं नसतं. धाकटा भाऊ शेती बघायचा, पण त्याचा आणि बाबांचा फार काही संवाद नव्हता.

ओट्यावरच्या लोकांनी मान खाली का घातली, ते मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं.

मार्चमध्ये साठीच्या वरच्या माणसांसाठी लस आली तेव्हा गावात कोणी जायला तयार नव्हतं. सुई घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो, अंगात ताकद राहत नाही, असं काय काय पसरलं होतं. आमच्या वस्तीची आशाताई दारोदार फिरून थकली. शेवटी ती बाबांकडे आली. बाबांनी उभी हयात एसटी चालवली होती, याच भागात. वस्तीतल्या कितीतरी बाया त्यांच्याच गाडीतून माहेरी गेल्या, बाळंतपणाला तालुक्याला गेल्या. घाटात, पुराच्या पाण्यात, दगडफेकीत त्यांनी गाडी सांभाळून आणली होती. हा माणूस चल म्हणाला की लोक बसत. बाबांनी एक टेम्पो ठरवला, त्यात सतरंज्या टाकल्या, आणि घरोघरी हाका मारत सगळ्या म्हाताऱ्या माणसांना आरोग्य केंद्रात नेलं. पहिली सुई त्यांनी स्वतः घेतली. दंडावरची पट्टी सगळ्यांना दाखवत म्हणाले, "पाहा, हाये का मी जित्ता? बसा आता लाइनीत."

साठीच्या वरची दोनच माणसं टेम्पोत नव्हती. एक आजी, जिला खाटेवरून उठता येत नव्हतं. आणि दुसरे शेजारचे काका. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र.

काका आले नाहीत त्याला कारण कापूस होता. त्या तीनचार वर्षांत कपाशीने आमच्याकडे सगळ्यांना छळलं होतं. एका हंगामात गुलाबी बोंडअळी लागली. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात खरेदी बंद पडली आणि लोकांनी कापूस घरातच रचून ठेवला. त्याच्या पुढच्या दिवाळीत परतीच्या पावसाने बोंडं झाडावरच काळी पडली. आमच्या पुढच्या खोलीत आईची खाट कापसाच्या ढिगाला लागून असायची आणि रात्रभर ती अंग खाजवायची. काकांच्या घरात तर चूल सोडून सगळीकडे कापूसच. टेम्पो निघाला त्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी त्यांच्या दारात येणार होती. काकू म्हणाल्या, आज नको, कापूस भरायचा आहे, पुढच्या खेपेला जातील. व्यापाऱ्याची गाडी त्या दिवशी आलीच नाही. आणि पुढच्या खेपेला आरोग्य केंद्रात लसच नव्हती.

नंतर एप्रिलमध्ये वस्तीत खोकला शिरला. असं घर नव्हतं की जिथे कोणी तापाने पडलं नाही. तरणी माणसं घरीच काढा पिऊन, गोळ्या खाऊन उठली. म्हाताऱ्यांना ते जमलं नाही. आधी ती खाटेवरची आजी गेली ॲम्ब्युलन्समधून. मग काका. मग बाबा आणि टेम्पोतले आणखी काहीजण. टेम्पोतले सगळे बरे होऊन परत आले. बाबांना सगळ्यांत जास्त दिवस लागले, पण आले. आजीही आली, चकित करून आली. काका आले नाहीत. त्यांचं अंगही गावात आलं नाही. काकूंना त्यांच्या बाहेरगावी राहणाऱ्या मुलाने फोनवर दाखवलं म्हणतात, लांबून, प्लास्टिकमध्ये बांधलेलं.

वस्तीने हिशोब केला तो असा: दवाखान्यात गेले ते बहुतेक सुईवाले. ज्यांनी सुई घेतली नाही ते घरीच बरे झाले. त्यातच कोणाच्या तरी मोबाइलवर कुठूनतरी एक मेसेज आला, की भरती झालेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त लस घेतलेलेच आहेत. मग तर पेपरात छापून आल्यासारखंच झालं. बाबांनी सगळ्यांना टेम्पोत बसवून नेलं होतं. आता तोच टेम्पो लोकांच्या तोंडी होता.

बाबांना कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते मागच्या दाराने जायला लागले. सकाळी विहारात वंदनेला जाणं बंद केलं. संध्याकाळी ओट्यावर बसायचे ते बंद केलं. आशाताई एकदा आली, आता पंचेचाळीसच्या वरच्यांनाही लस मिळते, पण कोणी यायला तयार नाही म्हणाली. "भाऊ, तुम्ही एक शब्द टाकला तर..." बाबांनी हात जोडले. खरंच जोडले, लग्नात व्याह्यापुढे जोडतात तसे.

"बाई, माह्या तोंडानं आता काहीच बोलाले सांगू नोको. मी लोकायले टेम्पोत भरून नेलं. ढोरावानी भरून नेलं."

हे ऐकून मला लाज वाटली. बाबांची नाही, बाबांच्या वतीने. आपल्या बापाला कोणापुढे असे हात जोडताना बघणं सोपं नसतं. मी आत जाऊन भांडी आवरत राहिले.

उत्तर मला सापडलं ते भावाशी भांडताना. जेवायला बसलो होतो. बाबा आतल्या खोलीत होते. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, तू कितीबी म्हन. पन टेम्पोतलेच लोक काहून गेले मंग? आमी काहून नाई गेलो दवाखान्यात?"

"कारण टेम्पोत होतं कोण?" मी म्हणाले. "सगळे म्हातारे. तुझ्या वयाचं कोणी होतं का त्यात?"

आणि बोलता बोलता मीच थांबले. घास हातात राहिला. वस्तीने सुईवाले आणि बिनसुईवाले असे दोन ढीग केले होते, पण खरे ढीग ते नव्हतेच. सुईवाले म्हणजे म्हातारे आणि बिनसुईवाले म्हणजे तरणे. म्हातारे सुई न घेताही जास्त संख्येने दवाखान्यात गेले असते. आधी वयाने वेगळं करायचं आणि मग बघायचं. तरण्यांमध्ये कोणालाच सुई मिळाली नव्हती, त्यांच्यावरून काही कळत नाही. म्हाताऱ्यांमध्ये टेम्पोत गेलेले इतके सारे, त्यांतले थोडे भरती झाले आणि सगळे परत आले. टेम्पोत न गेलेले फक्त दोघं. दोघंही भरती झाले. एक परत आला नाही.

मी हे दरवर्षी वर्गात शिकवते, की गट मिसळले की सरासरी खोटं बोलू शकते. पण माझ्याच घरासमोरच्या रस्त्यावर ते घडत होतं आणि मला दिसलं नव्हतं. मला आनंद झाला. खरं सांगायचं तर नुसता आनंद नाही, उत्साह आला. बाबांना सांगायला मी ताटावरून तशीच उठले. बाबा ऐकत राहिले, छताकडे बघत. शेवटी म्हणाले, "असन."

"असन काय बाबा? तुम्ही काही चूक केली नाही. उलट तुमच्यामुळे लोक वाचले."

"असन माय."

मला वाटलं, त्यांना एकट्याला पटून काय उपयोग. वस्तीला पटलं पाहिजे. मी आशाताईला निरोप धाडला की मी बोलते, सगळ्यांना विहारासमोर बोलव.

सकाळी ऊन व्हायच्या आत लोक जमले. आशाताईने सगळ्यांना लांब लांब बसवलं होतं, तोंडाला रुमाल, पदर, ओढण्या. म्हातारी माणसं ओट्यावर, तरणी खाली सावलीत. बाबांना मी आग्रहाने आणलं होतं. ते एका कडेला खांबाला टेकून उभे राहिले. काकू येतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्या आल्या होत्या, विहाराच्या दाराजवळ, पांढऱ्या लुगड्यात, एकट्या.

मी वर्गात बोलते तसंच बोलले. आधी विचारलं, "आपल्या वस्तीत काठी घेऊन चालणारे जास्त पडतात का बिनकाठीचे?"

"काठीवाले," कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे काठी माणसाला पाडते का?"

लोक हसले. कित्येक दिवसांत तिथे कोणी हसलं नसेल. मला धीर आला. मी समजावून सांगितलं की काठी म्हातारी माणसंच घेतात, आणि म्हातारी माणसंच पडतात. काठी काढून घेतली तर आणखी पडतील. सुईचंही तसंच आहे. सुई घेतलेले दवाखान्यात दिसतात, कारण सुई म्हाताऱ्यांनाच मिळाली, आणि या रोगाने म्हातारी माणसंच जास्त आजारी पडतात. माना हलत होत्या. भाऊसुद्धा माझ्याकडे बघत होता. आता थांबले असते तर बरं झालं असतं. पण गणित पूर्ण करायची सवय जात नाही.

"म्हातारी माणसं तशीही भरती होणारच होती," मी म्हणाले. "प्रश्न हा आहे की परत कोण आलं. टेम्पोत गेलेले सगळे परत आले. साठीच्या वरचे सुई न घेतलेले आपल्या वस्तीत फक्त दोघं होते. दोघंही भरती झाले, आणि त्यांतले..."

मी तिथे थांबले. पण वाक्य सगळ्यांच्या मनात पुरं झालं होतं.

ओट्यावरून एक आजोबा बोलले, टेम्पोत गेलेलेच, बाबांच्याच वयाचे. हळू आवाजात, रागाने नाही. "तसेही म्हंजे? आमी त तसेही जानारच होतो, असंच म्हनून राह्यली ना व तू?"

"तसं नाही आजोबा..."

"नाई, खरंच हाये थे. पन आमच्यासमोर बसून..." त्यांनी पुढचं सोडून दिलं आणि रुमाल तोंडावर ओढला.

त्याच वेळी काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर तोंडावरून काढला. "पोरी, म्हंजे मी मारलं का माह्या मानसाले? मीच म्हनलं होतं, नोको जा म्हून. कापूस भराचा हाये म्हून. मीच म्हनलं होतं."

आशाताईने माझ्याकडे पाहिलं, जणू माझ्याकडे आणखी काही असेल. माझ्याकडे काही नव्हतं. सगळं अंग गरम झालं होतं, कानशिलं, तळवे. चाळिशी ओलांडलेली बाई, वर्षानुवर्षं भरल्या वर्गापुढे उभी राहिलेली, आणि तिथे मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. बाबा खांब सोडून निघाले. काकूंच्या जवळून जाताना ते थांबले, मान खाली घातली, आणि घराकडे चालू लागले. या वेळी ते पुढच्या रस्त्याने गेले. पण ते काही ताठ मानेने गेले नाहीत.

घरी मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ते खाटेवर बसून चपला काढत होते. वाकलं की त्यांना दम लागायचा, म्हणून मी पुढे झाले. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"मले सोडवाले गेली," ते म्हणाले, "अन् तिले बांधून आली."

"बाबा, मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं."

"खोटं कोन म्हनते? खरंच असन. पन मले असं सुटाचं नव्हतं. माह्या दोस्ताच्या बायकोच्या मानेवर पाय ठेवून मले सुटाचं नव्हतं."

सगळ्यांत वाईट हे झालं, की माझं बोलणं लागू पडलं. दुसऱ्याच दिवशी वस्तीतली पाचसहा माणसं आशाताईबरोबर आरोग्य केंद्रात गेली. पुढच्या आठवड्यात आणखी गेली. आशाताई मला दारात भेटून म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळे काम झालं." ओट्यावरच्यांनी बाबांना पुन्हा जयभीम करायला सुरुवात केली. "ड्रायव्हर भाऊ, तुमचंच बरोबर होतं," असं म्हणायला एकजण घरी आला. बाबांनी त्याला चहा दिला, पण बसले नाहीत. तो गेल्यावर म्हणाले, "आता तिच्या घरी कोनी जात नसन." आणि खरंच, काकूंच्या अंगणात कोणी फिरकत नव्हतं. विहिरीवर बाया त्यांना जागा करून द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. मी जे बोट दाखवलं होतं ते वस्तीने उचलून धरलं होतं. एक बोट बाबांवरून काढलं आणि दुसरीकडे ठेवलं, एवढंच मी केलं होतं.

जायचं ठरवलं ते बाबांनी. एका सकाळी म्हणाले, "चाल." कुठे ते सांगितलं नाही. अंगणाच्या मधल्या कुंपणात एक फट आहे, लहानपणी आम्ही तिथून ये-जा करायचो. पण बाबा फाटकाने फिरून गेले, पाहुण्यासारखे.

काकू ओसरीत बसून तूर निवडत होत्या. सुपातला खडा शोधताना त्यांनी मान वर केली नाही. "या," एवढंच म्हणाल्या. आम्ही खाली बसलो. मला वाटलं बाबा बोलतील, पण ते कुंपणाकडे बघत होते. तेव्हा मीच म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी जे बोलले, त्याने एका माणसाचं काही ठरत नाही. काकांनी सुई घेतली असती तरी काय झालं असतं ते कोणालाच सांगता येणार नाही. सुई घेऊनही माणसं गेलीत. न घेऊनही वाचलीत. ती आजी वाचलीच ना? हे हिशोब गावाचे असतात. एका माणसाचे नसतात."

काकूंनी सूप थांबवलं. "मंग त्या दिवशी काहून नाई सांगितलं हे?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"गावाचा हिशोब गावाले सांग," त्या म्हणाल्या. "माह्या घरी त एकच मानूस होता."

बाबांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज आजारानंतर बसलेलाच होता. "वैनी, एक गोष्ट मले सांगू द्या. टेम्पो तुमच्या दारात आला तवा तुमी म्हनल्या नोको म्हून. तो आत होता, कापूस दाबत होता. मी त्याले हाक मारली. तो म्हने, थांब आलो. मी थांबलो नाई. मले राग आला होता, साऱ्या वस्तीत याच्याच दारातून नाई आलं म्हून. माह्या सोबतीचा मानूस अन् यानंच माहं ऐकलं नाई म्हून. मी टेम्पोतून उतरलो असतो, त्याचा हात धरला असता, तं तो आला असता. कापूस काय, मागाहून भरला असता. मी उतरलो नाई. वरूनच हाक मारली अन् पुढं गेलो. हे तुमाले माहीत नव्हतं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. राग असेल, किंवा या दोषात आपण एकट्याच नाही हे कळल्याचं काही असेल. मग त्या उठून आत गेल्या. आत भांड्याचा आवाज आला. मला वाटलं आम्ही निघावं, पण बाबा हलले नाहीत. काकू काळा चहा घेऊन आल्या, स्टीलच्या पेल्यांत. आम्ही तिघांनी प्यायला.

पेले ठेवल्यावर काकूंनी मला विचारलं, "मी कोन्त्या ढिगात येतो?"

"काय?"

"तू म्हनत होती ना, म्हातारे इकळे, तरने तिकळे. मी कुठी येतो? माहं वय साठ नाई. पन तरनीबी नाई मी."

"मधल्यांत," मी म्हणाले. "म्हाताऱ्यांच्या जवळ."

"घेतली सुई तं वाचन का मी?"

या वेळी मी तोंड उघडायच्या आधी विचार केला. गणित माझ्या जिभेवर होतं, ते मी गिळलं. "ते मला सांगता येत नाही काकू. कोणालाच येत नाही. पण घेतलेली बरी. माझ्या आईनेही घेतली, तुम्हालाही हेच सांगेन."

"येवढंच सांगितलं असतं त्या दिवशी तं झालं नसतं का?"

"झालं असतं."

निघताना त्या बाबांना म्हणाल्या, "भाऊजी, कुंपनातून जा. फिरून कायले जाता?" मला काही म्हणाल्या नाहीत.

परत येताना मी बाबांना विचारलं, तुम्ही खरंच रागाने पुढे गेला होतात का, का त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं? ते कुंपणाच्या फटीत अडकलेला शर्ट सोडवत होते. "तुले कायले पायजे ते?" एवढंच म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं ते खरं होतं. हाक मारून थांबायचं नाही, ही त्यांची जुनी खोड होती. पण दवाखान्यातून आल्यापासून ते ज्या तऱ्हेने खांबाला टेकून, भिंतीला टेकून राहत होते ते आठवलं, की आधीपासूनच त्यांच्या मनात हेच असणार असं वाटतं. टेम्पोत नेलेल्या माणसांची नाही, न नेलेल्या माणसाची लाज. आणि मी त्यांना तीन दिवस समजावत होते की टेम्पोतले सगळे परत आले.

काकूंनी त्या उन्हाळ्यात सुई घेतली नाही. बाबांनी आपला दुसरा डोस घेतला तो कोणाला न सांगता, एसटीने एकटे जाऊन. आता ते कोणाला चल म्हणत नसत. कोणी विचारलं तर "मी घेतली, तुमचं तुमी पाहा" म्हणत. वस्तीतल्यांना त्याचं नवल वाटायचं. पोळ्याच्या सुमारास आशाताईने मला फोनवर सांगितलं की काकूंनी घेतली. माहेरी गेल्या होत्या भाच्याच्या लग्नाला, तिकडेच घेऊन आल्या. आपल्या गावात नाही घेतली.

मी यवतमाळला परतले. कॉलेज हळूहळू सुरू झालं. त्या वर्षी सरासरीचा धडा आला तेव्हा मी तो पुस्तकात जसा आहे तसा शिकवला. उदाहरण दिलं ते पुस्तकातलंच, दोन कारखान्यांतल्या मजुरांच्या वयाचं. काठीचं दिलं नाही. एका मुलीने विचारलं, मॅडम, बातम्यांत भरती झालेल्यांचे आकडे येतात ते असेच वाचायचे का? मी हो म्हणाले. मग तिला बसवून विचारलं, तुझ्या घरचं कोणी गेलं होतं का दवाखान्यात? ती म्हणाली, आजी. मी म्हणाले, मग तू हा धडा नंतर घरी वाच. वर्गातली मुलं माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. मला त्याचंही वाईट वाटलं. आकडे वाचायला शिकवणं हेच तर माझं काम. पण आता मी आकडे सांगायच्या आधी समोर कोण बसलंय ते मोजून घेते, आणि ते मोजून झालं की पुष्कळदा गप्प बसावंसं वाटतं. यातलं बरोबर किती ते मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा शेतात कापूस फुटला होता. त्या वर्षी बोंडं बरी होती, भावही बरा निघाला. बरीच घरं त्या वर्षी पहिल्यांदा जरा सावरली. काकूंच्या वावरात वेचणीला बाया कमी पडत होत्या. मी कोणाला न विचारता सकाळी तिकडे गेले, कमरेला ओढणीची झोळी बांधली आणि कपाशीच्या एका तासाला, एका ओळीला, लागले. काकू दोन तासं पलीकडे होत्या. त्यांनी मला पाहिलं. "ये" म्हणाल्या नाहीत, "जाय" म्हणाल्या नाहीत. माझ्या हाताची सवय सुटलेली होती. लहानपणी वेचायचे, पण तेव्हापासून कितीतरी वर्षं गेली होती. बोंडाच्या सुकलेल्या पाकळीची टोकं बोटांना टोचत होती, आणि माझ्यामागे झाडावर पांढरे धागे राहत होते. ऊन चढल्यावर आम्ही दोघी बांधावर आलो. काकूंनी त्यांच्या शिदोरीतली अर्धी भाकर मला दिली, वर ठेचा. पाऊस यंदा वेळेवर थांबला, एवढंच बोलल्या. ते खाऊन झाल्यावर त्यांनी माझी झोळी सोडली, तिच्यातला कापूस स्वतःच्या गाठोड्यात ओतला आणि हाताने दाबून बसवला.